आडवं पडलेलं झाड

झाड आडवं पडलं होतं, तेही कालच्या त्या फुसक्या वाऱ्याने! बाबांचा फोन आल्याबरोबर शास्त्रज्ञबाई टेकडीवर आल्या आणि जागीच थबकल्या. शास्त्रज्ञबाई हे नाव बाबांनीच लेकीला ठेवलेलं. बाबा बसचालक. निवृत्त झाल्यावर माणसं पेपर वाचत बसतात, यांनी उघड्याबोडक्या टेकडीवर झाडं लावायचं मनावर घेतलं. सुरुवातीला झाडं झपाट्याने वाढली, मग अडून बसली. पाण्याचे कॅन वाहून बाबांचे खांदे दुखायला लागले, तरी झाडं ढिम्म.

लेकीने त्याच झाडांवर शोधनिबंध लिहिला. खोडांचा घेर, पानांचं तापमान, उपग्रहाची चित्रं, काही म्हणून मोजायचं ठेवलं नाही. निष्कर्ष असा की वाढत्या उष्म्यापुढे अशी लागवड टिकत नाही. उद्या परिषदेत तेच वाचायचं होतं. "तुमचा काही दोष नाही, बाबा, हवामानच बदललंय," असं ती त्यांना नेहमी समजवायची.

आता तिने वाकून बुंधा उलटला. मुळं पसरलीच नव्हती. एकमेकांभोवती फिरून फिरून त्यांचा घट्ट गोळा झाला होता, आणि गोळ्यावर रोपवाटिकेतली काळी प्लास्टिकची पिशवी, जशीच्या तशी.

"बाबा, ही पिशवी?"

"त्यातच तर मिळतं रोप. तसंच ठेवलं की माती सांडत नाही." तिचा चेहरा बघून ते चपापले. "का गं, काढायची असते?"

तिने मान डोलावली. इतकी वर्षं मोजमापं घेतली, ती सगळी जमिनीच्या वर! एकदा खुरपं घेऊन खाली बघावं, एवढंही सुचू नये? तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"सगळीच अशी लावलीत?"

"सगळीच." बाबा बुंध्यापाशी बसले. त्या पिशवीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे नुसत्या उन्हाने नाही?"

"नाही, बाबा."

"मग गेल्या वर्षी लावलेली तरी वाचतील? पिशव्या कापल्या तर?"

हा प्रश्न तिच्या अख्ख्या निबंधात कुठेच नव्हता.

"वाचतील," ती म्हणाली. बाबा लगेच शेजारच्या रोपापाशी माती उकरायला लागले.

तिने परिषदेच्या आयोजकांना फोन लावला. "सर, माझं भाषण होणार आहे. फक्त निष्कर्ष बदललाय, आणि दाखवायला मी एक झाड घेऊन येतेय."