चार लिस्तोपाद, जागा सत्तेचाळीस

सांगा बरं, विश्वास ठेवायचा तर कोणावर? ओळखीच्या माणसावर, की छापील कागदावर? घाईने उत्तर देऊ नका. मी स्वतःच छापील कागद आहे, आणि माझ्यावर विसंबलेल्या बाईची काय गत झाली ते मी पाहिलं आहे.

मी आगगाडीतल्या एका जागेच्या आरक्षणाची चिठ्ठी बोलतेय. झाग्रेब स्टेशनातल्या तिकीट खिडकीत माझा जन्म झाला. झाग्रेब ते स्प्लिट, सकाळची गाडी, डबा दोन, जागा सत्तेचाळीस, खिडकीजवळ. ज्यांच्याकडे देशोदेशी फिरायचा रेल्वेचा पास असतो, ती माणसं जरा तोऱ्यात असतात. पास दाखवला की झालं, असं त्यांना वाटतं. पण डोंगरातल्या वळणांवर कलत जाणाऱ्या आमच्या गाडीत नुसत्या पासावर कोणी बसू देत नाही. पास मोठा आणि मी चिमूटभर. पण मी नसले की त्याचा मोठेपणा फलाटावरच राहतो.

मला विकत घेतलं ल्युदेवितने. हा झाग्रेबचा बटणांचा ठोक व्यापारी. घेतलं ते यार्मिलाबाईंसाठी. त्यांचं ब्रनो शहरात बटणं, लेस आणि दोऱ्यांचं छोटं दुकान. दोघांचा वीस वर्षांचा व्यवहार, पण एका डझनावरून कधी वाद नाही. त्या चेक बोलतात, तो क्रोएशियन. दोन्ही भाषा चुलत बहिणी. निम्मं समजतं, आणि उरलेलं समजलंय असं दोघंही धरून चालतात.

फोनवर बाई म्हणाल्या, "चार लिस्तोपाद." तिकीट खिडकीपाशी ल्युदेवित म्हणाला, "चार लिस्तोपाद." लिस्तोपाद म्हणजे पानगळीचा महिना. शब्द तोच. पण झाग्रेबमध्ये तो ऑक्टोबर आणि ब्रनोमध्ये नोव्हेंबर! यंत्राला भाषेशी काय देणंघेणं? त्याने माझ्या अंगावर आकडे उमटवले: चार, दहा.

टपालाने मी ब्रनोला पोचले. बाईंनी चष्मा लावला, जागेचा नंबर पाहिला, 'खिडकीजवळ' वाचून खूश झाल्या आणि मला पासाच्या पाकिटात सरकवलं. माणूस कागदावर आपल्याला हवं तेवढंच वाचतो, हे मला त्या दिवशी कळलं.

मग चार ऑक्टोबर उजाडला. मी पाकिटात थरथरत होते. बाई मात्र दुकानात निवांत लेस मोजत होत्या. तिकडे माझी गाडी सुटली, माझी जागा रिकामी गेली, आणि मी संपले. संपल्याचं दुःख नव्हतं हो, सगळ्याच चिठ्ठ्या संपतात. भीती होती ती याची, की मी संपले आहे हे माझ्याखेरीज कोणालाच ठाऊक नव्हतं. बाई रोज पाकिटावर हात थोपटून म्हणायच्या, "सगळी तयारी झाली." त्या थोपटण्याने माझ्या अंगावर काटा यायचा.

कारण हा प्रवास मौजेचा नव्हता. बाईंचा मुलगा रादिम मालवाहू जहाजावर यंत्रं सांभाळायचा. बापाच्या मयताला तो पोचला नाही, त्यावरून मायलेकांत बोलणं तुटलं, ते तीन वर्षं. आणि माझ्या जन्माआधीच त्याचं पत्र आलं होतं: 'चार नोव्हेंबरला आमचं जहाज स्प्लिटला आहे. संध्याकाळी सातला सुटेल. मग दोन वर्षं इकडे फिरकणं नाही. आई, येशील?'

तीन नोव्हेंबरला बाई झाग्रेबला उतरल्या. ल्युदेवितला फोन केला, त्याने उचलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पासावर आजची तारीख शाईने भरली. पासाचा तो नियमच आहे, दिवस आपल्याच हाताने मांडायचा. मग डब्यात चढल्या. सत्तेचाळीस नंबरवर एक जाडजूड गृहस्थ, बेरिस्लाव नावाचे, पाव आणि सॉसेज खात बसले होते.

"ही माझी जागा," बाई म्हणाल्या.

"असं? मग माझी चिठ्ठी खोटी म्हणायची." त्यांनी आपली काढली, मला शेजारी धरलं आणि हसले. "अहो ताई, तुमची ऑक्टोबरची आहे. महिना झाला!"

"लिस्तोपाद म्हणून सांगितलं होतं मी!"

"मग बरोबरच दिलीय की. आमचा लिस्तोपाद होऊन गेला." मग त्यांच्या डोक्यात उजेड पडला. "तुमच्याकडे आत्ता आहे होय? थंडी तुमच्याकडे जास्त आणि पानं गळणार महिनाभर उशिरा? भलतीच हट्टी झाडं तुमची!"

डबा हसला. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. गाडी सुटली होती. त्यांनी पुन्हा ल्युदेवितला फोन लावला. तिसऱ्या खेपेला तो कडाडला, "आता आठवण झाली का? चार तारखेला क्रीमचा केक घेऊन तासभर फलाटावर उभा होतो मी! महिनाभर तुझ्याशी बोललो नाही, ते तरी कळलं का तुला?"

"ल्युदेविता, चार तारीख आज आहे रे."

पलीकडून बारीक आवाजात, "अरे देवा."

सगळ्या जागा आरक्षित. उभं राहायला परवानगी नाही. बेरिस्लाव आता ओशाळले. "मांडीवर बसा म्हटलं असतं, पण स्प्लिटला बायको घ्यायला येणार आहे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "ताई, दहातला तो शून्य फिकट आहे. त्यावर एकाची उभी रेघ ओढा, अकरा होतील. गर्दीत तपासनीस कुठला निरखून बघतोय!"

बाईंनी पेन काढलं. त्याचं थंड टोक माझ्या शून्यावर टेकलं. एवढी मी कधीच भ्याले नाही. मेलेल्याला खोटं जिवंत करून उभं करायचं, आणि पकडलं गेलं तर दंड, पास जप्त, मुलगा समुद्रात! टोक तसंच टेकून राहिलं. मग बाईंनी पेनाला टोपण लावलं. "वीस वर्षं आकडे लिहितेय मी," त्या पुटपुटल्या. "एकही कधी खोडलेला नाही." आणि मला घेऊन स्वतःच तपासनिसाकडे गेल्या.

तिहोमिर त्याचं नाव. त्याने ऐकून घेतलं, मला उलटसुलट केलं आणि सुस्कारा सोडला. "बाई, नियमाने तुम्हाला कार्लोव्हाकला उतरवायला हवं. दुसरी गाडी तुम्हाला सातच्या आत पोचवणार नाही." यादीवर बोट फिरवलं. "बावन्न नंबर ओगुलिनपासून आरक्षित आहे. तिथपर्यंत बसा, तेवढ्याची पावती करतो. तिथे त्या जागेचा माणूस चढला, तर मात्र उतरायचं. कबूल?"

"कबूल."

कार्लोव्हाक गेलं. बाई जागेच्या कडेला बसलेल्या, पिशवी मांडीवर, मी मुठीत. त्यांच्या घामाने माझी अक्षरं फुटायला लागली. ओगुलिन आलं. फलाटावर एक तरुण पिशवी खांद्याला अडकवून आमच्याच डब्याकडे धावत आला. बाई उठून उभ्या राहिल्या. तो आत शिरला, नंबर वाचत वाचत पुढे आला, बावन्नपाशी थांबला, आणि म्हणाला, "काकू, जरा वाट द्या." त्याची जागा अठ्ठावन्न होती.

शिट्टी झाली. तिहोमिर दारातून डोकावला आणि नुसता म्हणाला, "बसा बाई आता." बावन्नचा माणूस का आला नाही, कोणास ठाऊक. त्याचीही चिठ्ठी कुठे तरी माझ्यासारखीच वाया गेली असेल. तिची आठवण काढणारी बहुधा मी एकटीच.

दुपारी स्प्लिटच्या फलाटावर एक दाढीवाला माणूस बाईंच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. तो म्हणाला, "आई, जेवलीस?" आणि बाईंची मूठ इतकी घट्ट आवळली की मी मधोमध फाटले.

आता मी ब्रनोच्या दुकानात गल्ल्याच्या काचेखाली आहे, चिकटपट्टीने जोडलेली. बाई हल्ली महिना नावाने लिहीत नाहीत, आकड्यात लिहितात. ल्युदेवित फोनवर तारीख तीनदा वदवून घेतो. दुकानात कोणी लिस्तोपाद म्हटलं की मला अजून हुडहुडी भरते.

तुमच्याकडे माझी एकच मागणी. तुमच्या पासावर, वहीवर किंवा मनात दिवस मांडाल, तेव्हा हुकलेला दिवस हुकला असाच मांडा. कोणी कितीही प्रेमाने सांगितलं, तरी शून्याचा एक करू नका. हिशोब खरा ठेवा, बाबांनो.