कुंडलिकरावांची दुसरी विज्ञानकथा

कुंडलिकराव शहाडच्या एका कारखान्यात फिटर होते. निवृत्त होऊन त्यांना चौदा वर्षं झाली. तरुणपणी त्यांनी एक विज्ञानकथा लिहिली होती, हे बिल्डिंगमध्ये कुणाला ठाऊकच नव्हतं. त्यामुळे डोंबिवलीच्या कॉलेजात शिकवणारी मृणाल एका दुपारी दारात उभी राहून म्हणाली, “‘शनीवरचा फिटर’ तुम्हीच लिहिलीत ना?” तेव्हा त्यांनी तिला कथेचं नाव पुन्हा सांगायला लावलं.

मृणाल विज्ञानकथेच्या इतिहासावर व्याख्यान तयार करत होती. ठाण्याच्या ग्रंथालयात सत्तेचाळीस वर्षांपूर्वीच्या दिवाळी अंकात तिला ही कथा सापडली. कथेखाली चाळीचा पत्ता होता. तिथे विचारत विचारत ती इथवर आली होती.

“काका, पुढच्या कथा कुठे आहेत?”

“पुढच्या नाहीत.”

“सांगा की तिला,” त्यांच्या पत्नी केशरबाई आतून म्हणाल्या.

“दुसरी लिहिलेली. संपादकांनी वाचलीच नाही. आडनाव बघून म्हणाले, तू तुझ्या वस्तीतलं लिही, दुःख लिही. यानाबिनाचं लिहायला दुसरे आहेत. माणूस वाईट नव्हता गं. पण मला वाटलं, आमच्या वाटणीला फक्त मागचंच का? पुढचं नाही? घरी येऊन फाडून टाकली.”

मृणालने वही मिटली. मग म्हणाली, “माझ्या व्याख्यानाला याल?”

ते आढेवेढे घेत गेले. मृणाल बोलत होती: आधी कथांमधून यंत्रांचं नवल होतं, मग चंद्रावरच्या सफरी आल्या, मग बॉम्बची भीती, मग माणसासारखा विचार करणारे संगणक. सिनेमातही आधी पुठ्ठ्याची रॉकेटं होती, आता अख्खे ग्रह कॉम्प्युटरवर तयार होतात. नंतर तिने ‘शनीवरचा फिटर’ वाचून दाखवली आणि कुंडलिकरावांना माईक दिला.

“मी कल्याणच्या थेटरात इंग्रजी पिक्चर बघायचो,” ते म्हणाले. “भाषा ओ की ठो कळायची नाही. मनात यायचं, ह्या यानाचे नटबोल्ट कोण आवळतं? म्हणून ती कथा लिहिलेली.”

पायल नावाची मुलगी उठली. “काका, तुमच्या यानात आडनाव कुणालाच कसं नाही?”

“माझ्या डोक्यात तीच विज्ञानकथा होती, बाळा.”

पोरांनी टाळ्या वाजवल्या. कुंडलिकरावांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

दुसऱ्या दिवशी ते फुलस्केप कागद घेऊन बसले. फाडलेली कथा आठवेना, म्हणून नव्यानेच सुरुवात केली. महिन्याभरात चौदा पानं झाली. मृणालला फोन करण्याआधी त्यांनी ती केशरबाईंना वाचून दाखवली.

केशरबाईंनी मेथी निवडत सगळी ऐकली. “चांगली झालीय,” त्या म्हणाल्या. “पण एवढी पाच वर्षं प्रवास करतात, यानात एकसुद्धा बाई कशी नाही हो?”

कुंडलिकराव पानं उलटून बघू लागले. मग हसले, आणि पहिल्या पानावर आडवी रेघ मारून पुन्हा लिहायला बसले.