एकतीसचा भाव

ईश्वर गुरुजींनी शेअर घेतले ते श्रीमंत व्हायला नव्हे, शेतावर तेलइंजिन बसवायला. गावातल्या केशवरावांचं जुनं इंजिन तीन हजारांत मिळत होतं आणि गुरुजींनी सहा वर्षं पोट बांधून जमवले होते दोन. नागपूरचा एक दलाल म्हणाला, पंधरा दिवसांत दीडपट. पंच्याऐंशी साल होतं, ज्याच्या त्याच्या तोंडी तेजी होती. गुरुजींनी वीसच्या भावानं शंभर शेअर घेऊन टाकले आणि दुपारच्या एसटीनं अड्याळ गावात येणारं कालचं वर्तमानपत्र रोज उघडून बसू लागले.

तेवीस झाला, सत्तावीस झाला. गुरुजींचे पाय जमिनीला लागेनात. भाव रुपयाभर उतरला की घास गिळवेना. चढला की पोरांना गणिताच्या तासाला सुट्टी. पोरं तेवढी तेजीच्या बाजूची होती.

"इंजिन येईन तवा येईन," त्यांच्या पत्नी सुलोचनाबाई म्हणाल्या, "पन तुमी वाळून चालले ना जी."

एकतीस छापून आला त्या दिवशी गुरुजींनी दलालाला पोस्टकार्ड टाकलं, 'विका', आणि तडक केशवरावांकडे जाऊन पगारातले शंभर रुपये इंजिनाचा इसार म्हणून दिले. इकडच्या बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबली की सौदा झाला; मग ब्रह्मदेव आला तरी भाव बदलत नाही. आपण 'विका' लिहिलं म्हणजे एकतीसला विकलं, याबद्दल गुरुजींना तिळमात्र शंका नव्हती. भल्या माणसानं पेढेसुद्धा वाटले.

कार्ड पोचायला चार दिवस लागले. दलालानं त्या दिवशीच्या भावानं विकलं, बावीसला. दलाली जाऊन हातात आले एकवीसशे साठ.

मुद्दल वाचलं, वर थोडं सुटलं, हे गुरुजींच्या ध्यानातही आलं नाही. इसार बुडेल याचंही दुःख नव्हतं, ती रीतच आहे. पण शब्द देऊन मोडणारा मास्तर म्हणून गावात तोंड कसं दाखवायचं? लाजेनं अर्धे झालेले गुरुजी केशवरावांच्या गोठ्यात गेले. केशवराव दावं वळत बसले होते. गुरुजींनी काही न लपवता सगळं सांगितलं.

"इसार ठेवा, अन् इंजिन दुसऱ्याले देऊन टाका," ते शेवटी म्हणाले.

"काहून? आहेत तेवढे द्या अन् घेऊन जा. बाकीचे धान निघाल्यावर पाहू."

गुरुजींच्या छातीवरचा धोंडा उतरला. महिन्याभरात पहिल्यांदा त्यांना भूक लागली.

"पन गुरुजी," केशवरावांनी हळूच विचारलं, "मीबी टाकू काय थोडे त्याच्यात? फायदा तर झालाच ना तुमाले."

गुरुजी एकेक बोट मोडत म्हणाले, "पैसा बुडला तरी ज्याची चूल पेटन, भाव पडला तरी ज्याले जेवन जाईन, अन् जो बाजाराच्या दारात बसून राहीन, त्याचं काम हाये ते. माझ्यात तिन्ही नाही."

"मंग तुमी कायले गेले होते?"

"मले वाटलं," गुरुजी म्हणाले, "तिथंबी कोनी केशवराव असन."