मिरचीनंतरची जवारी

मी एक जुनी पिठाची गिरणी आहे. देवगाव रंगारीत, जब्बारचाचांच्या पत्र्याच्या खोलीत माझं बस्तान. मित्रांनो, माझा आवाज मोठा आहे हे मला ठाऊक आहे. पण मी घरघरले नाही तर अर्ध्या गावाच्या तव्यावर भाकरी पडत नसे, म्हणून कुणी नावं ठेवली नाहीत. आता घरोघरी कपाटाएवढ्या चक्क्या आल्या आहेत. त्या गुपचूप दळतात. गुपचूप दळणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

मागच्या उन्हाळ्यात चाचांची कंबर धरली. त्यांनी शहरातल्या गुलमंडी बाजारातून पुतण्याला बोलावलं. इम्रान त्याचं नाव. बापाच्या कापडदुकानात वाढलेला हा पोरगा इस्त्रीचा शर्ट घालून दळायला उभा राहिला! दुपारपर्यंत त्याच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या.

आमच्याकडे रांगेत माणसं उभी राहत नाहीत, डबे राहतात. बाया डबा ठेवतात आणि कामाला निघून जातात. इम्रानला हे कोण सांगणार? त्यानं दुकानातल्या ताग्यांसारखे सगळे डबे उंचीनुसार सुबक मांडून ठेवले. बाया परतल्या आणि महाभारत सुरू झालं.

"आरं, माझा डबा पयला व्हता! गिड्डा हाय म्हणून मागं टाकला व्हय?" गोजरबाई कडाडल्या.

चाचांनी कपाळावर हात मारला. "और एक शिकायत आई ना, तो सीधा बस में बैठ और घर जा," ते इम्रानला म्हणाले.

इम्रानला मात्र आता जायचं नव्हतं. कारण त्या गोंधळात रईसाबाईंची लेक लुबना त्याच्याकडे बघून खळखळून हसली होती. लुबना तालुक्याला, कन्नड गावी कॉलेजात शेवटच्या वर्षाला. तिच्या घरात माणसं मोजकी, पण त्या दिवसापासून दळण मात्र रोजचं! तिची जवारी आली की इम्रान मला इतकं हळू चालवायचा की मलाच जांभया यायच्या. सांगायला हरकत नाही, मला तो पोरगा आवडू लागला होता.

एके दिवशी गावातलं मिरचीचं यंत्र बंद पडलं. गोजरबाईंनी हट्टानं मिरच्या माझ्याच पोटात ओतल्या. मिरचीनंतर ओंजळभर भरड धान्य दळून टाकून द्यावं लागतं, नाहीतर पुढच्याचं पीठ तिखट होतं. इतक्यात लुबना डबा घेऊन आली. इम्रानचं भान हरपलं. त्यानं तिची जवारी तशीच ओतली. मी ओरडून ओरडून सांगितलं, पण माझं ओरडणं नेहमीचंच!

नेमके त्याच संध्याकाळी अजिंठ्याहून पाहुणे लुबनाला बघायला आले. भाकरीचा पहिला घास पोटात गेला आणि नवरदेवाला ठसका लागला. त्याच्या मामांनी पाण्याचा तांब्या सोडलाच नाही. पाहुणे नाक पुसत, चहा न घेताच गेले.

सकाळी रईसाबाई उरलेल्या तिखट भाकऱ्या घेऊन गिरणीत हजर. मागे लुबना, आणि फुकटचा तमाशा बघायला निम्मं गाव.

"पहले ये खा," एक भाकरी पुढे करत त्या इम्रानला म्हणाल्या.

इम्राननं खाल्ली. सगळी खाल्ली. डोळ्यांतून धारा, कान लालबुंद, पण पाणी मागितलं नाही. मला गलबलून आलं. चाचा खाली मान घालून म्हणाले, "इम्रान, सामान बांध."

तेव्हा लुबना पुढे आली. "अम्मी, उन्होंने मिरची के बाद चक्की साफ नै करे, मैं देखी थी, फिर भी बोली नै. मेरेकू वो रिश्ता नक्को था. मेरेकू कॉलेज पूरा करना है."

गोजरबाईंनी तोंडाला पदर लावला.

मग रईसाबाईंनी दुसरी भाकरी काढून लेकीच्या हातात दिली. "तो फिर तू भी खा."

लुबना खाऊ लागली. दोघंही रडत होती आणि दोघंही हसत होती. "कॉलेज पूरा होने दे, फिर देखेंगे," रईसाबाई दोघांकडे बघत पुटपुटल्या. चाचांनी इम्रानला पाणी आणून दिलं. बसचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

मित्रांनो, मिरचीनंतर मला जरूर साफ करा. मी म्हातारी आहे, मलाही आग होते. पण पाहुण्यांना जेवायला बोलावण्याआधी घरातल्या मुलीला विचारा. तिला न विचारता बोलावलंत, तर पिठाची जबाबदारी माझी नाही.