पुठ्ठ्याआडचा आकडा

मित्रांनो, मी वीस बाजूंचा एक जुना फासा आहे आणि त्यांतली एकही बाजू मला स्वस्थ बसू देत नाही. साच्यातून बाहेर पडलो तोच घरंगळत. अंगावरच्या आकड्यांत पांढरा रंग भरून मला डबीत ठेवले, तर मी तिथेही खुळखुळत राहिलो.

ताईने मला आणले तेव्हा ती शाळेत होती. ती गोष्ट रचायची. तिचा धाकटा भाऊ आणि त्याचे दोन मित्र त्या गोष्टीतले वीर व्हायचे. कुणाला दरीवरून उडी मारायची झाली, की ताई नियमांची वही उघडायची आणि पुठ्ठ्याच्या आडोशामागे मला टाकायची. दहाच्या वर पडलो तर वीर पलीकडे, नाहीतर दरीत. आकडा ताईच मोठ्याने सांगायची; मला तेव्हा माझे आकडे वाचता येत नव्हते. वीर हमखास वाचायचे आणि असा गुणी फासा जगात नाही म्हणायचे. त्या कौतुकाने मी फुगून गोल व्हायचाच बाकी होतो.

पुढे मुले मोठी झाली आणि माझी रवानगी बटणांच्या डब्यात झाली. बटणे वाईट नसतात. स्वभावाने सपाट असतात, इतकेच.

परवा धाकट्याने मला शोधून काढले. तो आता कंप्युटरवरचे खेळ बनवतो. आमच्या वहीतला नियम न् नियम त्याने यंत्राला शिकवला होता. तरी खेळून बघायला बोलावलेली माणसे तासाभरात वैतागून उठत आणि यंत्र लबाड आहे म्हणत. सोमवारीही उठली तर खेळ गुंडाळायचा, असे साहेबांनी बजावले होते. दोन वर्षांची मेहनत. धाकट्याने मला टेबलावर सहाशे वेळा टाकले, आकडा पुटपुटत कागदावर रेघा ओढल्या; तेव्हा कुठे मी माझे आकडे वाचायला शिकलो. मी हुबेहूब यंत्रासारखाच निघालो. कधी लागोपाठ तीनदा दरीत.

मग त्याने ताईला बोलावले.

"ताई, नियम तेच आहेत. मग आम्ही कधी मेलो कसे नाही?"

ताईने चहावर फुंकर मारली. "मी थापा मारायचे."

"कधी?"

"तुझा चेहरा पडला की. एक पडला तरी चौदा सांगायचे. रडका होतास तू."

मित्रांनो, मी टेबलावरून पडता पडता राहिलो. माझी सारी कीर्ती पुठ्ठ्यामागची निघाली.

धाकटा म्हणाला, यंत्राला चेहरा कुठे दिसतो. ताई म्हणाली, न दिसू दे. खेळणारा लागोपाठ दोनदा आपटला, की तिसऱ्यांदा गुपचूप हात द्यायला शिकव, आणि बोलू नकोस कुणाला. त्याने ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतले.

ती निघाली तेव्हा त्याने हळूच विचारले, सोमवारी निभेल ना? ताईने वही उभी धरली आणि तिच्यामागे मला टाकले. मी जीव तोडून फिरलो. पडलो तीन.

"सतरा," ताई म्हणाली.

त्याने वहीमागे डोकावले नाही. आठवड्यात पहिल्यांदा पोटभर जेवला.

मित्रांनो, आम्हा फाशांना जपा. कपाटाखाली फार धूळ असते. पण घरात आडोसा धरणारे कुणी असेल, तर आधी त्याला जपा. आज शुक्रवार आहे. तीन पडल्याचे फक्त दोघांना ठाऊक आहे, आणि त्यातली एक निवांत घरी गेली.