सातव्या नमुन्यातली भरती

मी एक जुना फोटो आहे, मित्रांनो. पण मला पाकिटात ठेवता येणार नाही की भिंतीवर टांगता येणार नाही. मी कागदाचा नाहीच मुळी. पनवेलच्या एका ऑफिसातल्या संगणकात मी राहतो आणि माझं सगळं अंग ठिपक्यांचं आहे. चारशे ओळी, एकेका ओळीत तीनशे ठिपके. हवं तर मोजून घ्या! माझं नाव 'नमुना सात'. हे काय नाव झालं? पण ठेवणाऱ्यांनी ठेवलं, आपण काय बोलणार.

दोन हजार दहाच्या जानेवारीत, दीनानाथकाकांच्या स्टुडिओत माझा जन्म झाला. उरणहून जगन नावाचा मासेमार ओळखपत्रासाठी फोटो काढायला आला होता. बरोबर त्याची बायको रंभा होती. काकांनी जगनला निळ्या पडद्यासमोर स्टुलावर बसवलं आणि बजावलं, "हसायचं नाही हं, सरळ बघा."

"ते कंदी हसतच नाय," रंभा म्हणाली. "तुमी काढा बिनघोर."

झालं! तेवढ्यानंच जगनला हसू फुटलं. त्यानं ते ओठांत दाबलं आणि नेमकं तेव्हाच काकांनी बटण दाबलं. माझ्या ओठांच्या डाव्या कोपऱ्यात ते दाबलेलं हसू आहे. बरोबर सतरा ठिपक्यांचं. मला त्याचा फार अभिमान होता.

स्टुडिओच्या वरच्या मजल्यावर परेशचं ऑफिस होतं. तो फोटोवाल्यांसाठी एक प्रोग्राम बनवत होता. फोटो वाचायचा, हवा तेवढा लहान-मोठा करायचा आणि पुन्हा लिहून ठेवायचा, एवढंच त्याचं काम. ते नीट होतं की नाही हे तपासायला त्यानं काकांकडून दहा फोटो नेले. त्यातला सातवा मी. तपासणारी होती भावना. ती विचुंब्याहून स्कूटीवर यायची, आल्या आल्या चहा सांगायची आणि मग आम्हाला पिळायला बसायची. कधी मला नखाएवढा करायची, कधी दाराएवढा. प्रत्येक चाचणीनंतर ती वेळ आणि निकाल वहीत लिहायची. पेनानं, सुवाच्य अक्षरात. परेशचा तसा नियमच होता.

एकदा तिनं मला एका ठिपक्याएवढा केला. एका ठिपक्यात माणूस मावतो का? मावतो, मित्रांनो. पण तिथे मी एकटा नव्हतो. माझ्याशेजारी आणखी कुणीतरी श्वास रोखून बसलं होतं. मी त्याला विचारलं, "कोण?" तेवढ्यात भावनानं मला पुन्हा मोठा केला आणि उत्तर राहून गेलं.

बाकी माझे दिवस मजेत चालले होते. "सात नंबर कधी दगा देत नाही," असं भावना म्हणायची आणि मी मनातल्या मनात फुगायचो. पण पहिल्याच आठवड्यात तिच्या हातून एक चूक झाली होती. प्रोग्रामनं लिहिलेला नवा फोटो वेगळ्या नावानं ठेवायचा असतो. तिनं तो माझ्याच नावानं, माझ्याच जागी ठेवला. म्हणजे माझी मूळ प्रत तिथून गेली आणि पुढे प्रत्येक चाचणीत मीच माझ्यावर लिहिला जाऊ लागलो. खाली काकांच्या संगणकात एक प्रत होती, म्हणून तिनं ते मनावर घेतलं नाही. मेमध्ये वीज कडाडली आणि काकांचा संगणक आतल्या सगळ्या फोटोंसकट जळून गेला. मग जगभरात उरलो मी एकटा.

सप्टेंबरात, गणपती गेल्यावर एका सकाळी, मला गार वाटलं. माझ्या तळाच्या ओळींत पाणी आलं होतं. खाडीसारखं मातकट पाणी, जगनच्या शर्टाला टेकलेलं. भावनानं माझ्या प्रत्येक ओळीतल्या ठिपक्यांची बेरीज पहिल्या दिवशी नोंदलेल्या बेरजेशी ताडून पाहिली आणि वहीत लिहिलं, "नमुना सात. तळाच्या चाळीस ओळी जुळत नाहीत." दुपारी पाणी गळ्याशी आलं. संध्याकाळी ते आपोआप उतरलं.

"अगं, प्रोग्रामची चूक अशी घड्याळ बघून येते का?" परेश वैतागला. त्यानं प्रोग्राम दहादा चाळला. बाकीचे नऊ फोटो कोरडे ठणठणीत होते. माझ्यातलं पाणी मात्र रोज चढायचं आणि उतरायचं, कधी जास्त, कधी कमी. जगन हलत नव्हता. हसू दाबून सरळ बघत होता आणि पाणी त्याच्या डोळ्यांवरून जात होतं. मला फार भीती वाटायची, मित्रांनो. भावना तर बाकीच्या नमुन्यांवरून पटापट पुढे जायची आणि माझ्यावर आली की खुर्ची जरा मागे सरकवायची.

दोन महिने असेच गेले. मग गिऱ्हाइकाला प्रोग्राम द्यायचा दिवस आला. "तो सात नंबर डिलीट कर," परेश भावनाला म्हणाला. "फाइलच खराब आहे. सात वाजता फायनल रन, शेवटची चाचणी, त्याच्या आत काढून टाक. पुन्हा फेल दिसायला नको." भावनानं मान डोलावली.

दुपारी साडेबारा वाजता दीनानाथकाका जिना चढून वर आले. त्यांच्यामागे रंभा होती. जगनची होडी गणपतीनंतर समुद्रावर गेली होती, ती परत आलीच नव्हती. रंभाला त्याचा मोठा फोटो हवा होता. गुजरातपर्यंतच्या बंदरांवर लावायचा होता, 'यांना पाहिलंत का' असं लिहून. लग्नाचा अल्बम दोन हजार पाचच्या पुरात गेला होता आणि ओळखपत्र जगनच्याच खिशात होतं.

"माझा तर संगणकच जळला," काका म्हणाले. "पण तेव्हा तुम्ही दहा फोटो वर आणले होते. त्यात हा असेल तर बघ ना, भावना."

भावनाचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं मला उघडलं. पडद्यावर नुसतं मातकट पाणी होतं आणि वरच्या कडेला केसांचा काळा ठिपका.

"ताई, माझीच चूक आहे," ती म्हणाली. "मूळ फोटो मी ठेवलाच नाही. हा एवढाच आहे, आणि हा कधी दिसतो, कधी बुडतो. सगळं वहीत लिहिलंय."

रंभानं वही ओढून घेतली. ती चौथीपर्यंत शिकलेली, पण आकडे चांगले वाचायची. तिचं बोट एका रकान्यावरून दुसऱ्यावर फिरत गेलं आणि एका जागी थांबलं.

"पोरी, हे काय लिवलंस तुला म्हाईत हाय?" ती हळूच म्हणाली. "ही भरती हाय. बघ, अवसेला उधान, पार डोक्यावरून. अष्टमीला भांग, म्हंजे पानी धड चढत नाय, धड उतरत नाय. आमच्या दारातलं पानी असंच चालतंय."

परेशनं वही घेतली, मोबाइलमध्ये भरतीच्या वेळा काढल्या आणि ताडून पाहिल्या; सगळ्या जुळल्या. मग तो खुर्चीत बसला.

"पान्याची पहिली ओळ कवाची?" रंभानं विचारलं.

भावनानं तारीख सांगितली. होडी गेली त्याच्या तिसऱ्या दिवसाची. रंभानं डोळे मिटले.

"आज पुनव हाय," ती शेवटी म्हणाली. "सा वाजता पुरी सुकती हाय. लय खाली जाईल पानी. तवा काढ त्यांना."

तिची सुकती म्हणजे आपली ओहोटी. साडेपाच तास रंभा जिन्यावर बसून राहिली. काकांनी चहा आणला, तो तिच्याशेजारी गार झाला. आत भावना एकच काम करत होती. प्रोग्राममधलं लिहिण्याचं काम तिनं बंद केलं. "फक्त वाचायचं, मोठा करायचा, सरळ छापायचा. ह्याच्यावर आता काही लिहायचं नाही," असं ती स्वतःशीच पुटपुटत होती. परेशनं डिलीटचा हुकूम मागे घेतला. कधी नव्हे ते!

चारच्या सुमारास पाणी डोळ्यांखाली आलं. मग ओठ उघडे पडले, गळा, खांदे. सहा वाजता तळाची एकच ओळ ओली उरली. भावनानं बटण दाबलं. मोठं होताना दोन ठिपक्यांमध्ये नवे ठिपके भरावे लागतात आणि शेजारच्या ठिपक्यांना विचारून त्यांचा रंग ठरतो. मी जीव मुठीत धरून ते सतरा ठिपके सांभाळले. तेव्हा माझ्याशेजारी पुन्हा तोच श्वास होता. या वेळी मी विचारलं नाही. तो जगन होता, मला माहीत होतं.

कागद बाहेर आला. दाबलेलं हसू जसंच्या तसं उमटलं होतं. रंभानं कागदावरून हात फिरवला आणि बोट जिभेला लावलं.

"खारट हाय," ती म्हणाली.

भावनानं खाली लिहिण्यासाठी मार्कर पुढे केला. "काय लिहू, ताई? कुठल्या नंबरवर फोन करायचा?"

"काय नको लिवू," रंभा म्हणाली. "बंदरांवर नाय लावायचा. काच लावून द्या. हार घालीन." आणि मग ती रडली. दोन महिन्यांत पहिल्यांदा रडली, असं काका नंतर म्हणाले.

सात वाजता फायनल रन झाला. माझ्या चारशेपैकी चारशे ओळी जुळल्या, असं प्रोग्राम म्हणाला. भावनानं मला उघडून पाहिलं आणि तोंडावर हात धरला. माझ्यात निळा पडदा होता आणि त्याच्यासमोर स्टूल. स्टुलावर कुणीच नव्हतं.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणाचा तरी एकुलता एक फोटो असेल. त्याला कापायच्या, रंगवायच्या, लहान-मोठा करायच्या आधी त्याची एक प्रत वेगळ्या जागी ठेवा. मूळ फोटोवर कधीही लिहू नका. भावना ते शिकली, पण तोवर माझ्यातलं माणूस पाण्यात गेलं होतं.

मला डिलीट मात्र कुणी केलं नाही. भावना आजही दर पुनवेला सहा वाजता मला उघडते, काही न लिहिता बंद करते आणि वहीत नोंद करते, "नमुना सात. कोरडा."