चिंधी बांधलेलं वांगं

"आई, पंप तं धुवू दे!" योगराज विहिरीवरून वरडला.

"धू मंग दिवसभर! मावा बठ्ठे शेंडे खाऊ राह्यला तठी. आधी मह्या वांग्यांवर मार, मंग जेव!"

शेवंताबाई बोलली म्हणजे बोलली. तिचा पोरगा तो, काय करणार? सकाळीच त्या पंपानं केळीच्या बांधावर तणनाशक मारलेलं. त्यानं पाणी घातलं, एकदा खळखळवलं, ओतलं, अन् त्यातच माव्याचं औषध कालवून पंप पाठीवर घेतला. झालं! जे व्हायचं ते तिथंच झालं, बघा.

आता ती वांगी साधी नव्हती हो. शेवंताबाईचं माहेर तापीकाठचं, ते धरणात गेलं. घर गेलं, देऊळ गेलं, राहिलं काय, तर लग्नात ओटीत बांधून आणलेलं भरिताच्या हिरव्या वांग्याचं बी. दर साली एक नामी वांगं हेरायचं, देठाला लाल चिंधी बांधायची, झाडावरच पिवळं होऊ द्यायचं, मग बी काढून राखेत घोळवायचं. औंदा पहिली रोपं मर लागून गेली, म्हणून बाईनं बियांचा डबा पार झटकून पुन्हा पेरलेलं. घरात एक दाणा उरला नव्हता.

अन् पानं वळायला लागली. अरुंद, सुरकुतलेली, कागदाची पुंगळी करावी तशी.

शेजारचा अभिमननाना बांधावर आला. "वहिनी, उपटून टाका. मह्या कपाशीले आस्संच झालतं."

"तुमची जीभ उपटा आधी, नाना!"

नानाचं तोंड बंद झालं, कारण झाडं जगली की! फळं धरली, फुगली, अशी चकचकीत की हातात मावेनात. शेवंताबाई गावभर मिरवली. सून कामिनीनं कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजली, लाकडी बडजीत मिरची-लसणासंगं ठेचली, कांद्याची पात घातली. तिच्या सासऱ्यानं, जीवरामआबानं, कळण्याच्या भाकरीचा तुकडा बुडवला, तोंडात घातला अन् थांबलाच.

"मीठ राह्यलं का व पोरी?"

"टाकलं ना, आबा."

"मंग काय राह्यलं?"

सगळ्यांनी घास घेऊन पाहिला. तोंडात नुसतं पाणी अन् चोथा. अन् बी? एक नाही!

योगराज भुसावळला जाऊन शेतीऔषधांच्या दुकानात विचारून आला. खाली मान घालून म्हणे, "ते तणाचं औषध झाडाले फसोते, आई. पोटात बी धरलं आसं झाडाले वाटते, न ते रिकामंच फळ फुगोते. कस उतरतच नाही त्यात."

"चिंधीचं वांगं कडेच्या झाडाचं हाये," शेवंताबाई म्हणाली. "तठी तुहा पंप संपला होता. मी पाह्यलं."

 पंप कुठं संपला होता, ते योगराजला ठाऊक होतं.

तेवढ्यात रोनक आला, गावातल्या सुगनचंदशेठचा नातू, शहरात डब्यांतून भरीत विकणारा. एक वांगं चिरलं अन् नाचायचाच बाकी! "अक्का, एकपण बी नाही! गिऱ्हाईक हेच मागतं. आम्ही जैन, बी फार म्हणून आमच्या दादीला वांगं चालत नाही, आता तिलापण विचारतो! पुढच्या साली सगळं हेच लावा."

"लाव म्हणतो," शेवंताबाई पुटपुटली. "काय लावू रे बाप्पा?"

तो हसला. त्याला वाटलं, म्हातारी गंमत करतेय.

चिंधीचं वांगं पिवळं झालं. शेवंताबाईनं चुलीतली राख चाळली, ताटात पसरली, पाटावर बसली. विळीवर वांगं उभं चिरलं.

आत पांढरा कापूस.

तिनं आडवं चिरलं. फोडी केल्या. बोटांनी चिवडलं. योगराज दारातच उभा, "आई, राहू दे," म्हणत.

"तू जेवला का?" तिनं विचारलं. मान वर नाही केली.

मग तिनं तो गर राखेत घोळवला, दर सालासारखा, चोळून चोळून. ताट अंगणात उन्हात ठेवलं अन् हातात काठी घेऊन चिमण्या हाकलायला बसली.

दुपार कलली. चिमण्या समोरच्या निंबावर होत्या, ढीगभर, कलकलाट नुसता.

एकसुद्धा ताटाकडं आली नाही.